वळवाआधीचा गार वारा येतो कुठून?

वळवाचा पहिला थेंब पडण्याआधीच कोल्हापूरकरांचा जीव थंडावलेला असतो. मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी वारा पूर्ण पडतो, अंगाला घामाच्या धारा लागतात, पंख्याखालीही चैन पडत नाही. आणि मग आभाळ काळवंडून धुळीचा लोट उठतो, वाऱ्याची दिशा क्षणात पालटते आणि तापमान काही मिनिटांत दहा-बारा अंशांनीही उतरू शकते.

या खेळाची मांडणी सकाळपासूनच सुरू असते. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत 100 किलोमीटरच्या आसपास आहे. तिथले बाष्प घेऊन आलेले वारे घाट चढून वर येतात, पूर्वेकडच्या पठारावरची कोरडी, तापलेली हवा त्यांना आडवी येते, आणि दोन्ही जिथे भिडतात त्या पट्ट्यात हवा वर ढकलली जाऊन ढग दहा किलोमीटरहूनही उंच वाढतात.

पाऊस जवळ आला म्हणून हवा गार झाली, हे स्पष्टीकरण अर्धेच खरे आहे. एक किलो हवेत एक ग्रॅम पाणी बाष्प होऊन मिसळले, तर ती हवा सुमारे अडीच अंशांनी थंड होते; परंतु तेवढीच ती दमटही होते. दमट दिवशी घरातला कूलर हवा थोडी गार करतो, पण चिकचिक वाढवतो, त्याचे कारण हेच. ज्याच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले आहे अशा तापमापकावरचा आकडा या प्रकारात जवळपास जागचा हलत नाही, आणि घामाने शरीर किती थंड होऊ शकेल याचा अंदाज तोच आकडा चांगला देतो. तेव्हा केवळ बाष्पीभवनाने एवढा दिलासा मिळाला नसता.

खरी गोष्ट अशी की, आपल्या अंगावर येणारी ती हवा मुळात आपल्या आसपासची नसतेच. तिच्यातला मोठा भाग जमिनीपासून काही किलोमीटर उंचीवरचा असतो, आणि तिथली हवा बरीच कोरडी असते. खाली येताना दाब वाढल्यामुळे ती किलोमीटरमागे सुमारे 9.8 अंशांनी तापायला हवी. परंतु तिच्यातून पडणारे थेंब बाष्प होताना आणि गारा वितळताना तिची उष्णता सतत शोषून घेत असल्याने ती भोवतालच्या हवेपेक्षा थंड आणि म्हणून जड राहते. जमिनीवर आदळल्यावर तिला खाली जायला वाव उरत नाही, मग ती चहूकडे पसरत सुटते. पावसाच्या कितीतरी किलोमीटर पुढे धावणारी तिची कड म्हणजेच आपल्याला जाणवणारा तो पहिला झोत. घरांवरचे पत्रे उडवणारा, उभा ऊस लोळवणारा आणि आमराईत कैऱ्यांचा सडा घालणाराही तोच.

उदाहरणादाखल समजा, झोतापूर्वी तापमान 36 अंश आणि सापेक्ष आर्द्रता 45 टक्के आहे. नंतर तापमान 24 अंश आणि आर्द्रता 80 टक्के झाली. आर्द्रता वाढली असे आकडा सांगतो, परंतु प्रत्यक्ष बाष्प किलोमागे सुमारे 18 ग्रॅमवरून 16 ग्रॅमवर आलेले असते, आणि ओल्या फडक्याचा तापमापक 26च्या आसपासहून 21पर्यंत उतरतो. आर्द्रतेच्या टक्क्यांवरून उकाडा जोखण्याची आपली सवय किती फसवी आहे, हे यावरून दिसावे.

युरोप-अमेरिकेत किंवा दक्षिण ऑस्ट्रेलियात उन्हाळ्यातली उष्णतेची लाट मोडते ती शीत आघाडीमुळे. तिथे ध्रुवाकडची थंड हवा शेकडो किलोमीटर लांबीच्या सीमेने पुढे सरकते आणि आधीची उष्ण, दमट हवा वर उचलते. 'आघाडी' ही संज्ञा नॉर्वेतील बर्गेनच्या हवामानशास्त्रज्ञांनी पहिल्या महायुद्धातल्या युद्धआघाड्यांवरून घेतली. वळवाचा झोत दिसायला तिच्यासारखाच असतो: वारा तसाच वळतो, हवेचा दाब तसाच चढतो. मात्र शीत आघाडीमागे थंड हवेचा प्रचंड साठा येत असल्याने तिथला गारवा कित्येक दिवस टिकू शकतो, तर इथला साठा एका-दोन ढगांपुरताच असतो.

त्यामुळे रात्र सुखाची जाते आणि दुसऱ्या दिवशी ऊन वर येताच उकाडा परत येतो, कधी आदल्या दिवसापेक्षाही जाचक. समुद्राकडून बाष्पाचा पुरवठा सुरूच असतो. त्यात भिजलेली जमीन उन्हाची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च करते, म्हणून तापमापकाचा पारा एखाद-दोन अंशांनी खाली दिसला तरी हवेत मिसळलेले ते बाष्प घाम काही वाळू देत नाही.