जपानच्या देवळांचे फोटो छपाईला देण्याआधी

"जुनी आठवण वाटेल असा करून द्या." क्योतो-नारा फिरून आलेल्या बहुतेकांचं आमच्याकडे हेच मागणं असतं. करून देतो, आनंदाने. फक्त फोनमधला फिल्टर आधीच चढवून, वर व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवू नका. मूळ फोटो शोधायला लावण्यात तुमचेही चार दिवस जातात आणि आमचेही.

क्योतोच्या फुशिमी इनारी देवस्थानातल्या तोरींचा, म्हणजे वाटेवरच्या लाकडी कमानींचा, रंग आपल्या शेंदराच्या जवळचा. भर उन्हात तो फोनला झेपत नाही. लाल सपाट होतो आणि लाकडाच्या रेषा, सुटलेले पोपडे त्यात बुडून जातात. त्यावर फिल्टर लावला की सावल्या राखाडी आणि आकाश पिवळट. उरलंसुरलं व्हॉट्सअ‍ॅप दाबून टाकतं. अशा फोटोला आम्ही आणखी फिका केला तर तो नुसता मळकट दिसतो. मूळ फाइल असली की लाल तेवढा उतरवून शेवाळाचा हिरवा जागेवर ठेवता येतो. "फिल्टर तर फुकट मिळतो, मग तुमचे पैसे कसले?" असं विचारणाऱ्यांना आम्ही दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून दाखवतो.

अजून जायचं असेल तर फुशिमीला पहाटे जा. देवस्थान रात्रभर उघडं असतं. एक्स्पोजर थोडं कमी ठेवा, ढगाळ दिवस मिळाला तर उत्तमच. टेकडी चढताना कमानींवर काहीच लिहिलेलं दिसत नाही. मागे वळून पाहा: खांबांवर देणगीदारांची नावं आणि तारखा काळ्या अक्षरांत असतात. लाकूड बुंध्याशी कुजतं, मग कमान बदलतात. त्यामुळे कोरी करकरीत आणि विटलेली अशा दोन कमानी शेजारी सापडतात. तो फोटो घ्या, आमचं अर्धं काम तिथेच होतं.

नाऱ्याच्या कासुगा ताइशा देवस्थानात दगडी दिव्यांच्या रांगाच आहेत. एका दिव्यावर शेवाळाखाली काही कोरलेलं होतं. अक्षरं आहेत एवढं कळत होतं. काय लिहिलंय ते शेजारी उभ्या जपानी आजोबांनाही लागेना. त्याची प्रिंट दुकानात लावली आहे, येऊन पाहा.

इसे या तीर्थस्थानाचं मात्र वेगळं. तिथली मुख्य देवळं दर २० वर्षांनी नव्याने बांधतात. मागची बांधणी २०१३ची, पुढची २०३३ला. मुख्य गाभाऱ्यासमोर फोटोला मनाई आहे, तेव्हा कॅमेरा पायऱ्यांखालीच आवरा. आणि तिथल्या ताज्या लाकडाला जुनाट रंग द्यायला सांगू नका. सांगितलंत तर देऊ, पण आधी एकदा कुरकुर करू.

मूळ फाइल ईमेलने किंवा पेनड्राइव्हवर द्या. व्हॉट्सअ‍ॅपच हवं असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. छपाई मॅट कॉटन कागदावर होते. मोठ्या प्रिंटआधी पोस्टकार्डाएवढा नमुना काढून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तो घरी नेऊन दिवसाउजेडी बघा आणि मग कळवा.