जुन्या डबल-ॲक्शन रिव्हॉल्वर्सची तुलना आणि त्यांच्या ग्रिप्स

डबल-ॲक्शन रिव्हॉल्वर म्हणजे ज्याचा चाप एकदा पूर्ण ओढला की सिलिंडर फिरतं, घोडा (काडतुसावर आपटणारा हातोडा) मागे जातो आणि सुटतोही, सगळं एकाच ओढीत. हवं तर घोडा आधी अंगठ्याने मागे खेचून हलक्या चापावर नेम धरून पण मारता येतं. लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सचं १८५१ चं रिव्हॉल्वर नुसतं चापावरच चालायचं, दोन्ही सोयी एकत्र आल्या त्या १८५६ च्या ब्यूमाँट-ॲडम्समध्ये. अमेरिकेच्या कोल्ट कंपनीचं पहिलं डबल-ॲक्शन १८७७ चं, दिसायला देखणं पण आतला मेकॅनिझम इतका नाजूक की आज चालू अवस्थेत मिळालं तर नशीबच. तरी संग्राहक ज्यावरून तासन् तास भांडतात ती रिव्हॉल्वर्स या नंतरची, सिलिंडर बाजूला उघडणारी. कोल्टने ते १८८९ मध्ये आणलं, तिची प्रतिस्पर्धी स्मिथ अँड वेसनने (पुढे नुसतं स्मिथ) १८९६ मध्ये, आणि १८९९ पासून त्यांचं .३८ स्पेशल काडतुसाचं मिलिटरी अँड पोलीस मॉडेल सुरू झालं, ते पुढे मॉडेल १० या नावाने अख्ख्या जगाच्या पोलिसांच्या कमरेला लागलं.

कोल्ट की स्मिथ हा वाद मुळात चापाचा आहे. कोल्टचं सिलिंडर घड्याळाच्या दिशेने फिरतं, स्मिथचं उलट. सिलिंडर उघडायची खिट्टी कोल्टमध्ये मागे ओढायची, स्मिथमध्ये पुढे ढकलायची. जुन्या कोल्टमध्ये एकच व्ही आकाराची पट्टी-स्प्रिंग घोड्यालाही ताकद देते आणि चापही परत आणते, त्यामुळे ओढ सुरुवातीला मऊ आणि शेवटी शेवटी जड होत जाते, याला संग्राहक स्टॅकिंग म्हणतात. स्मिथमध्ये घोड्याला वेगळी पट्टी आणि चापाला वेगळी गुंडाळी-स्प्रिंग, म्हणून ओढ सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखी. पण चाप पूर्ण ओढून धरला की कोल्टचं सिलिंडर तिजोरीच्या दारासारखं गच्च बसतं, स्मिथमध्ये किंचित हलतं, आणि कोल्टवाल्यांचा सगळा अभिमान या गच्चपणावर आहे. त्याची किंमतही आहे, कोल्टचं टायमिंग, म्हणजे घोडा आणि सिलिंडरच्या हालचालींचा मेळ, झिजून लवकर बिघडतं आणि ते नीट करणारे कारागीर आता फार उरले नाहीत. रोज वापरायचं असेल तर स्मिथ, हे माझं मत.

तुलना करायची तर जोडी नीट निवडावी. १९१७ चं आर्मी मॉडेल ही सगळ्यात सोपी जोडी, पहिल्या महायुद्धात दोन्ही कंपन्यांनी अमेरिकन सैन्यासाठी .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसासाठी बनवलेलं, काडतुसं अर्धचंद्र क्लिपमध्ये अडकवून भरायची, दोघांच्याही ग्रिप्स (मुठीच्या दोन बाजूंच्या फळ्या) साध्या गुळगुळीत अक्रोडाच्या. दुसरी जोडी १९५५ ची, कोल्ट पायथन आणि स्मिथचं कॉम्बॅट मॅग्नम म्हणजे नंतरचं मॉडेल १९, दोन्ही .३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाची. पायथन जड, नळीवर जाळीदार पट्टी, पॉलिश असं की आरसा झक मारतो. मॉडेल १९ हलकं, दिवसभर कमरेला वागवायला बरं, पण हलक्या वजनाच्या जोरदार मॅग्नम गोळ्या सतत मारल्या तर नळीच्या मागच्या तोंडाला खालून तडा जाऊ शकतो. २०२० मध्ये परत आलेल्या पायथनमध्ये आतली रचना बदललेली आहे, त्यामुळे जुन्याशी त्याची तुलना कोणी मनावर घेत नाही.

आता ग्रिप्स. एक स्क्रू काढला की निघतात म्हणून रिव्हॉल्वरच्या आयुष्यात सगळ्यात आधी बदललेला भाग हाच असतो, आणि म्हणूनच मूळ ग्रिप असेल तर भाव वाढतो. सुरुवातीला कडक काळ्या रबराच्या असायच्या, मग अक्रोड. स्मिथच्या १९२० च्या दशकातल्या ग्रिप्सवर मेडॅलियन, म्हणजे कंपनीच्या चिन्हाची छोटी गोल चकती, नसतं. स्क्रूभोवती चौकट सोडलेल्या डायमंड ग्रिप्स १९६८ पर्यंतच्या. त्यामुळे बंदूक १९७५ ची आणि ग्रिप डायमंडची दिसली की कुणीतरी नंतर चढवली असं समजावं. ग्रिप त्याच बंदुकीची आहे का हे बघायला उजवी फळी उलटी करायची, जुन्या स्मिथवर आतल्या बाजूला सिरियल नंबर पेन्सिलीने लिहिलेला किंवा ठोकलेला असतो. फळी नखाने किंवा स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये, कोपरा उडतो. स्क्रू थोडा सैल करून त्याच्या डोक्यावर हलकेच ठोकलं की पलीकडची फळी आपोआप सुटते.

जुन्या छोट्या ग्रिप्सची तक्रार एकच, ट्रिगर गार्डच्या मागे जागा रिकामी राहते आणि झटक्यात बंदूक हातात वर सरकते. १९३० च्या दशकात आलेल्या मॅग्ना ग्रिप्स मागे वरपर्यंत चढवल्या, पण पुढची पोकळी तशीच, म्हणून ओक्लाहोमाच्या मेल्विन टायलरचा टी-ग्रिप नावाचा धातूचा तुकडा तिथे बसवायची पद्धत पडली, आजही हा उपाय सगळ्यात स्वस्त आणि मूळ ग्रिपला धक्का न लावणारा. .४४ मॅग्नमबरोबर मधे फुगीर कोक-बाटली ग्रिप्स आल्या, त्यांच्या सुट्या जोडीला लोक कित्येकशे डॉलर मोजतात. पाचमेयर कंपनीच्या ग्रिप्सचं रबर हाताला उत्तम, दिसायला भयाण, आणि संग्राहक ते खोक्यात टाकून देतात. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जनरल पॅटनच्या ग्रिप्स मोत्याच्या होत्या अशी एक गोष्ट कायम फिरते, त्या हस्तिदंताच्या होत्या, आणि १९८९ च्या आंतरराष्ट्रीय बंदीनंतर हस्तिदंताची जोडी देशाबाहेर पाठवणं म्हणजे कागदपत्रांचा डोंगर.

अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेली बंदूक कायद्याने अँटिक धरली जाते, त्यामुळे १८९९ च्या मॉडेलवाले थोडक्यात हुकतात. आपल्याकडे गोष्टच वेगळी. .३८ आणि .४५५ ही बोअर (नळीच्या आतल्या व्यासाची मापं) साध्या लायसन्सवर मिळत नाहीत, म्हणून ब्रिटिश अधिकाऱ्यांची वेब्ली आणि एनफील्ड रिव्हॉल्वर्स इथे प्रत्यक्ष हाताळायला मिळणं कठीण. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्वर वेब्लीच्याच घडणीचं, मधून मोडून उघडणारं, काडतूस मात्र स्मिथचं .३२ लाँग. आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे कोल्ट आणि स्मिथ शेजारी ठेवून बघायचा प्रश्नच फारसा येत नाही.