स्विमसूटमधला ताण

दर उन्हाळ्यात समाजमाध्यमांवर बायकांच्या स्विमसूटची एक चित्रमालिका फिरू लागते. डावीकडे गळ्यापासून पोटरीपर्यंत झाकलेली बाई, मग बाह्या गेलेली, मग गुडघे उघडे पडलेली, आणि उजव्या टोकाला बिकिनी. खाली भांडण ठरलेलं. कुणी म्हणतं बाई मोकळी झाली, कुणी म्हणतं लाज सोडली. दोघंही कापडाची लांबीच मोजत असतात. ते कापड कशाचं आहे, हे कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे.

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांचा १७६७-६९ च्या सुमाराचा स्नानाचा झगा माउंट व्हर्ननच्या संग्रहात जपलेला आहे. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं लिनन, आणि खालच्या काठाला कापडात गुंडाळून शिवलेले शिशाचे तुकडे. झगा पाण्यात फुगून वर येऊ नये म्हणून हे वजन. असा पोशाख घालून पाण्यात उभं राहता येतं, डुबकी मारता येते. पोहण्याचं नाव नको.

पुढे बायका स्पर्धेत उतरल्या. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या जलतरण शर्यती पहिल्यांदा झाल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या फॅनी ड्युरॅकने १०० मीटर फ्रीस्टाइल जिंकली. त्या काळात बाजारात मिळणारे पोहण्याचे कपडे बहुतेक विणलेल्या लोकरीचे असत. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी तंतूच्या आतच मुरवते, विणीच्या टाक्यांमध्ये साठतं ते वेगळंच. लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांतलंच प्रथिन. त्याच्या साखळ्या एकमेकींना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध पाणी शिरलं की सुटतात, तंतू सैल पडतो आणि पाण्याच्या भाराने सगळा पोशाख खाली ओघळतो. अमेरिकेतल्या पोर्टलंडमधल्या जँटझन कंपनीने स्वेटरच्या मनगटपट्टीची रिब वीण अख्ख्या पोशाखाला वापरली, त्याने तो अंगाला जरा धरून राहू लागला. भिजल्यावरचं ओझं मात्र तसंच राहिलं.

१९३० च्या दशकात लास्टेक्स आलं. यात रबराच्या बारीक धाग्याभोवती सुती किंवा रेशमी धागा गुंडाळलेला असे. पोशाख पहिल्यांदाच ताणला जाऊन परत जागेवर येऊ लागला. पण ऊन, तेल आणि हवेतला ऑक्सिजन रबराचे वैरी, त्यामुळे ते कालांतराने चिरत जाई. ५ जुलै १९४६ रोजी पॅरिसमध्ये लुई रेआर या डिझायनरने बिकिनी दाखवली, प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवरच्या अणुचाचणीनंतर अवघ्या चार दिवसांनी. फॅशनच्या इतिहासात हिचा केवढा गाजावाजा! पदार्थविज्ञानाच्या नजरेने त्यात नवं काहीही नव्हतं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताच्या डॉली नाझिर आणि आरती साहा पोहल्या, तेव्हाही खरी क्रांती व्हायचीच होती.

ती झाली १९५८ मध्ये. ड्यू पाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने स्पॅन्डेक्स बनवलं. लायक्रा हे त्याचंच व्यापारी नाव. मूळ हेतू होता बायकांच्या कंबरपट्ट्यांमधल्या रबराला पर्याय शोधण्याचा.

याची रचना फार सुंदर आहे. प्रत्येक रेणू म्हणजे एक लांब साखळी, आणि तिच्यात दोन प्रकारचे तुकडे आलटून पालटून येतात. मऊ तुकडे लांब आणि लवचीक असतात, कडक तुकडे आखूड आणि ताठ. मऊ तुकडे उष्णतेमुळे सतत वळवळत असतात. गोळा होऊन राहण्याचे त्यांच्यापुढे असंख्य मार्ग असतात, सरळ ताणून राहण्याचे मोजकेच. आपण कापड ओढतो तेव्हा त्यांना त्या मोजक्या अवस्थांमध्ये ढकलतो. सोडलं की वळवळ त्यांना पुन्हा गुंतागुंतीकडे नेते. म्हणजे परत खेचणारा जोर मुख्यतः रासायनिक बंध ताणले गेल्याने येत नाही, तो एन्ट्रॉपीतून, म्हणजे जास्त मार्ग असलेल्या विस्कळीत अवस्थेकडे जाण्याच्या कलातून येतो. म्हणूनच आदर्श रबरात हा ताण केल्विनमधल्या तापमानाच्या समप्रमाणात वाढतो. घरी करून बघा. जाड रबर बँड झटकन ताणून लगेच ओठाला लावा, कोमट लागेल. काही क्षण तसाच ताणून धरा, मग सैल सोडून पुन्हा लावा, गार लागेल.

मग कडक तुकड्यांचं काम काय? ते शेजारच्या साखळ्यांमधल्या कडक तुकड्यांना हायड्रोजन बंधांनी घट्ट बिलगतात आणि गाठी तयार होतात. या गाठी नसत्या तर साखळ्या एकमेकींवरून घसरल्या असत्या आणि कापड ताणलेलंच राहिलं असतं. रबरात हे काम गंधक करतं. स्पॅन्डेक्स मूळ लांबीच्या पाचपट ताणूनही परत येतं. नायलॉनमध्ये १५-२० टक्के मिसळलं तरी पुरतं, आणि नायलॉन पाणी फारसं पीत नाही. पातळ, हलका, अंगाला चिकटून राहणारा स्विमसूट शक्य झाला तो असा.

यानंतर जाहिरातबाजीही आली. २००० साली स्पीडोने शार्कच्या त्वचेवरून सुचलेलं ‘फास्टस्किन’ कापड आणलं. हार्वर्डच्या जॉर्ज लॉडर आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१२ मध्ये ते तपासलं. खऱ्या शार्कच्या त्वचेने वेग वाढला, या कापडाच्या पृष्ठभागाचा मात्र ठाम फायदा दिसला नाही. पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे सूट मात्र खरोखर वेगवान होते. २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले आणि १ जानेवारी २०१० पासून अशा सूटांवर बंदी आली. आता शर्यतीत स्त्रियांचा सूट विणलेल्या कापडाचाच आणि खांद्याच्या पुढे किंवा गुडघ्याच्या खाली न जाणारा हवा.

आपल्याकडे मात्र ‘क्लोरीनने पोरगी काळी पडेल’ म्हणून मुलींना तलावाकडे फिरकू देत नाहीत. हे साफ खोटं आहे. त्वचा काळवंडते ती उन्हातल्या अतिनील किरणांनी, मेलॅनिन वाढल्यामुळे. सावलीत किंवा सकाळी लवकर पोहायला पाठवा. क्लोरीन त्रास देतो तो स्पॅन्डेक्सला. तो साखळ्यांचे दुवे तोडतो, आणि काही काळाने सूटचं बूड लोंबायला लागतं. तलावातून बाहेर आल्या आल्या साध्या पाण्याने तो खळखळून धुवा, गरम पाणी आणि मशीन टाळा, सावलीत वाळवा. रोज पोहणाऱ्या मुलीसाठी लेबलवर पीबीटी लिहिलेला पॉलिएस्टरचा सूट बघा. तो कमी ताणतो, पण क्लोरीनला सहज बधत नाही.