भाषेला सातच टक्के? सीमाभागातल्या देहबोली-वर्गांची पार्श्वभूमी

समोरच्यावर पडणाऱ्या छापेत शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्या-शरीराचा ५५. व्यक्तिमत्त्व विकासाच्या कुठल्याही वर्गात हा हिशेब पहिल्या-दुसऱ्या दिवशीच फळ्यावर येतो. पुण्यात येतो, नागपुरात येतो, बेळगावातही येतो. पण बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात त्याला जी किंमत मिळाली ती वेगळी आहे. इथल्या मराठी मुलाची मुलाखतीतली भीती मुळात भाषेचीच असते. घरी आणि शाळेत मराठी, सरकारी फॉर्मवर कन्नड, कंपनीच्या टेबलापलीकडे इंग्रजी. अशा मुलाला कोणी सांगितले की भाषेचे काम सातच टक्के, उरलेले त्र्याण्णव तुझ्या ताठ पाठीत आणि आवाजात आहे, तर तो फी भरणारच.

विषय म्हणून देहबोली जुनीच. नाट्यशास्त्राने आंगिक अभिनयात मस्तकाचे १३ आणि दृष्टीचे ३६ प्रकार मोजून ठेवले, एका हाताच्या मुद्रा २४ सांगितल्या. युरोपात १८७२ मध्ये उत्क्रांतिवादाच्या प्रवर्तकाने माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावर ग्रंथ लिहिला. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत हालचालींचा आणि माणसामाणसातल्या अंतराचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला. १९७० च्या सुमारास तिथे लोकप्रिय पुस्तके निघाली आणि संशोधकांचा विषय विक्रेत्यांच्या प्रशिक्षणात शिरला. सीमाभागापर्यंत तो पोचला तो बऱ्याच उशिरा आणि बऱ्याच हातांतून.

त्याआधी इथे देहबोली कोणी शिकत नव्हते असे नाही. फक्त तिची वेगळी फी नव्हती. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात आहे, १९४५ पासूनची लष्करी शाळा आहे. गावोगावची मुले पहाटे रस्त्याने धावताना दिसतात ती भरतीसाठी. ‘सावधान’ म्हणजे टाचा जुळलेल्या, नजर समोर, हाताच्या मुठी शिवणीला, हे इथल्या कितीतरी घरांत आजोबांनीच नातवाला शिकवलेले असते. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतशाळेत, आवाज इतका की क्रेन चालवणाऱ्याला हाताच्या खुणेवरच काम करावे लागते: तर्जनी वर करून हात गोल फिरवला की उचल, बोट खाली करून फिरवला की उतरव. तिथे खूण चुकली तर पाय जातो. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची चाल होती. मराठी शेतकरी आणि कन्नड व्यापारी यांच्यात त्या रुमालाखाली भाषेची अडचण उरत नसे. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत मागून गुरुजींचा दबका आवाज यायचा, “वर बघून बोल की रे!”

एक गोष्ट मात्र या सगळ्यापेक्षा खोल रुजली. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यरचनेत हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. त्यानंतर कचेऱ्यांची भाषा हळूहळू बदलत गेली आणि कचेरीत जाणाऱ्या मराठी माणसाचे शरीरही बदलले. कन्नड न येणारा माणूस टेबलासमोर आधी हात जोडतो, मग कागद पुढे सरकवतो. खांदे किंचित झुकलेले, आवाज खाली, नजर शिपायाकडे. जी गोष्ट सांगता येत नाही ती तो नम्रतेने भरून काढतो. पुढे या झुकलेल्या खांद्यांना वर्गांमध्ये ‘आत्मविश्वासाचा अभाव’ असे नाव मिळाले. ते निदान उथळ आहे असे मला वाटते. तोच माणूस बाजारात मराठीत भाव करताना पाहावा. त्याच्या खांद्यांना काहीही झालेले नसते.

वर्ग खऱ्या अर्थाने फोफावले ते १९९८ नंतर. त्या वर्षी बेळगावात मुख्यालय असलेले तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. अभियांत्रिकीची मुले वाढली, बंगळूर-पुण्याच्या कंपन्या कॉलेजांत येऊन मुलाखती घेऊ लागल्या. लेखी परीक्षेत पुढे असलेला निपाणीकडचा मुलगा गटचर्चेत गप्प बसे आणि तिथेच गळे. आधीचे स्पोकन इंग्लिशचे वर्ग हळूहळू ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’चे झाले. बेळगावच्या टिळकवाडी, शहापूर, कॅम्प भागात पाट्या लागल्या. शिकवणी सगळीकडे सारखीच: हस्तांदोलन घट्ट करा, हाताची घडी घालू नका, नाकाला हात लावू नका, डोळ्याला डोळा भिडवा. आणि त्या सगळ्याला शास्त्राचा टेकू म्हणून ७-३८-५५.

हा आकडा आला कुठून ते नीट पाहायला हवे, कारण अख्खी इमारत त्यावर उभी आहे. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या एका मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर दोन छोटे प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्यात सुटे नऊ शब्द होते: काही प्रेमाचे, काही तटस्थ, काही दुखावणारे. ते वेगवेगळ्या सुरांत म्हणून ऐकवले आणि बोलणाऱ्याला समोरच्याबद्दल आपुलकी आहे की नाही, हे ऐकणाऱ्यांना विचारले. शब्दापेक्षा सूर भारी ठरला. दुसऱ्यात तर एकच शब्द होता, ‘कदाचित’. तो तीन सुरांत ऐकवताना सोबत चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. इथे चेहऱ्याचा प्रभाव आवाजाच्या दीडपट निघाला. मग दोन्ही निष्कर्ष गणिताने जोडले आणि ७, ३८, ५५ तयार झाले.

म्हणजे तिन्ही गोष्टी एकत्र मोजणारा प्रयोग झालाच नाही. शरीर तर त्या प्रयोगांत नव्हतेच. ५५ टक्के चेहऱ्याचे होते, तेही स्थिर छायाचित्रातल्या. बसणे, उभे राहणे, हात, पाय यांचा त्यात काही संबंध नाही. आणि मोजले काय, तर आवड-नावड. बोलणाऱ्याचे शब्द एक सांगतात आणि चेहरा दुसरे, तेव्हा माणसे कशावर विश्वास ठेवतात एवढाच प्रश्न होता. त्या संशोधकाने पुढे स्वतःच बजावले की भावना किंवा आवड-नावड यांबद्दलचे बोलणे नसेल तर ही समीकरणे लागू पडत नाहीत. वर्गांच्या पुस्तिकांत आकडा आला, ही अट गळली.

अट गळली ती विसरभोळेपणाने असे मानायला मी तयार नाही. अट ठेवली तर विकायला फारसे काही उरत नाही. तलाठ्याने कन्नडमध्ये सांगितले की उताऱ्यावर आजोबांचे नाव चुकले आहे, अमुक तारखेपर्यंत अर्ज द्या; आता यातले किती त्याच्या चेहऱ्यावरून कळेल? तारीख कळणार नाही, नाव कळणार नाही. फार तर तो वैतागला आहे एवढे कळेल. मुलाखतीतही तसेच. कास्टिंगमध्ये सच्छिद्रता का येते असा प्रश्न फाउंड्रीच्या मुलाखतीत आला, तर उत्तर वायू, ओलावा आणि ओतण्याच्या तापमानातच द्यावे लागते. या आकड्याने इथल्या मुलांना दिलासा दिला हे खरे. त्या दिलाशापायी कन्नड आणि इंग्रजीचा सराव मागे पडला हेही खरे.

माणसामाणसातल्या अंतराची गोष्टही तशीच. १९६६ मधल्या एका अमेरिकी पुस्तकात चार कक्षा दिल्या आहेत: सुमारे ४५ सेंटिमीटरपर्यंत अगदी जवळची माणसे, ४ फुटांपर्यंत ओळखीची, १२ फुटांपर्यंत कामाची, त्यापुढे जाहीर. लेखकाने ही निरीक्षणे मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मध्यमवर्गीयांवर केली होती आणि तसे स्पष्ट लिहिलेही होते. मराठी पुस्तिकांत ती मानवजातीची मापे झाली. सकाळच्या खानापूर-बेळगाव बसमध्ये ४५ सेंटिमीटर कोणाच्या वाट्याला येतात ते एकदा पाहावे.

डोळ्याला डोळा भिडवणे हा त्याहून अवघड भाग. वडीलधाऱ्यांशी बोलताना नजर खाली ठेवायची हे मराठी घरात शिकवतात, कन्नड घरातही. वर्गात सांगतात, नजर खाली गेली की माणूस खोटे बोलतोय असे वाटते. खोटे ओळखण्याचे हे असले ठोकताळे टिकत नाहीत हे आता पुरेसे स्पष्ट आहे: २००६ मध्ये शेकडो प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा माणसे सरासरी ५४ टक्के वेळाच खरे-खोटे बरोबर ओळखतात असे निघाले. नाणे उडवले तर ५० टक्के. तरी मुलाखत घेणाऱ्याच्या मनातला ठोकताळा उमेदवाराला नडतो, म्हणून नजर वर ठेवण्याचा सल्ला व्यवहारात चुकीचा नाही. मुलींच्या बाबतीत तो आणखी तोलावा लागतो. हस्तांदोलनाऐवजी सरळ उभे राहून नमस्कार केला तर भारतातल्या कुठल्याही पॅनेलसमोर काही बिघडत नाही. हे मात्र फारच थोडे वर्ग सांगतात.

मधल्या काळात ‘पॉवर पोज’ची लाट आली. २०१० मध्ये ४२ जणांवरच्या एका प्रयोगातून दावा झाला की दोन मिनिटे ऐसपैस, रुबाबात उभे राहिले तर शरीरातली संप्रेरके बदलतात. २०१२ च्या एका व्हिडिओने तो जगभर नेला आणि मुलाखतीला आलेली मुले कॉलेजच्या बाथरूममध्ये कमरेवर हात ठेवून उभी राहू लागली. २०१५ मध्ये २०० जणांवर प्रयोग पुन्हा झाला. बरे वाटल्याचे लोकांनी सांगितले, संप्रेरकांत आणि वागण्यात फरक सापडला नाही. २०१६ मध्ये मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिकेनेच आपला त्या परिणामावर विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले. ही बातमी व्हिडिओइतकी पसरली नाही.

याउलट सैन्यातल्या अधिकारी निवडीची पद्धत इथे डोळ्यासमोर होती, पण वर्गांनी तिच्याकडून फारसे घेतले नाही. पाच दिवसांच्या त्या निवडीत मानसशास्त्रज्ञ उमेदवाराचे लेखन तपासतो, मैदानावरचा अधिकारी त्याला गटात काम करताना पाहतो, तिसरा मुलाखत घेतो आणि शेवटी तिघांचे ताळे जुळवतात. मनसा, वाचा, कर्मणा असे त्यांच्यातच म्हणतात. लाकडी फळी आणि दोरी घेऊन अडथळा पार करायचा असतो तेव्हा ठरवून घेतलेली ऐट पाच मिनिटांत गळते. सुटी मुद्रा तिथे कोणी मोजत नाही.

गेल्या दहा वर्षांत जमीनच सरकली आहे. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने खालच्या, अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. २०२३ पासून सैन्यभरतीत धावण्याआधी ऑनलाइन लेखी परीक्षा आली. कर्नाटकच्या राज्यसेवेत सक्तीचा कन्नड पेपर ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणजे भाषा पुन्हा दारातच उभी आहे, आणि देहबोली दाखवायची वेळ ती ओलांडल्यानंतर. जिथे मुलाखत उरली आहे तिथे ती जड आहे: केंद्रीय लोकसेवा आयोगात २०२५ पैकी २७५ गुण, आणि ती मराठीतून देता येते. महाराष्ट्राच्या सरकारी सेवांसाठीही, त्या राज्याने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतले मराठी उमेदवार १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला देऊन अर्ज करू शकतात. बंगळूरच्या इंग्रजी मुलाखतीत आक्रसून बसलेला मुलगा मराठी मुलाखतीत सहज हात मोकळे करून बोलतो, हे या भागातल्या शिक्षकांनी पुष्कळदा पाहिले आहे. त्याला मधे कोणी देहबोली शिकवलेली नसते.

करोनानंतर खासगी नोकऱ्यांची पहिली फेरी मोबाइलवर आली. आता नजर पडद्यावरच्या चेहऱ्याकडे ठेवली तर समोरच्याला ती खाली दिसते. कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे पाहावे लागते. उजेड मागून नको, समोरून हवा. मोबाइल हातात धरू नये, पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांच्या उंचीला ठेवावा. चेहऱ्यावरून उमेदवार जोखणारी सॉफ्टवेअरही आली होती. २०१९ मध्ये हजारावर शोधनिबंधांचा आढावा घेऊन शास्त्रज्ञांनी सांगितले की नुसत्या चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना खात्रीने वाचता येत नाही. २०२१ मध्ये अशी सेवा विकणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी कंपनीने चेहरा-विश्लेषण थांबवल्याचे जाहीर केले, आणि फेब्रुवारी २०२५ पासून युरोपीय संघात कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत यंत्राने भावना ओळखण्यावर, आरोग्य-सुरक्षेचे अपवाद सोडता, बंदी आहे. भारतात असा नियम नाही. त्यामुळे बेळगावच्या मुलाचे रेकॉर्ड केलेले उत्तर पलीकडे माणूस पाहतो की यंत्र, हे अर्ज करताना कंपनीला विचारून घ्यावे लागते.