पार्कलेट

पार्कलेट म्हणजे रस्त्याच्या कडेला गाड्या लावायच्या एक-दोन जागा घेऊन तिथे केलेलं छोटंसं सार्वजनिक बसायचं ठिकाण. बाग म्हणण्याइतकं मोठं ते कधीच नसतं. फुटपाथला समांतर लावलेल्या एका गाडीला साधारण अडीच मीटर रुंद आणि सहा मीटर लांब जागा लागते, तेवढ्यात दोन बाकडी, चार कुंड्या आणि फार तर सायकल अडकवायचा एखादा स्टँड बसतो. म्हणून बहुतेक ठिकाणी दोन जागा जोडून घेतात.

याची सुरुवात अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोची. 2005 च्या नोव्हेंबरमध्ये रीबार नावाच्या डिझाइन करणाऱ्या ग्रुपने तिथल्या मिशन स्ट्रीटवर पार्किंग मीटरमध्ये रीतसर पैसे टाकले आणि त्या जागेत गाडी न लावता हिरवळीचा गालिचा अंथरला, एक झाड ठेवलं, एक बाक ठेवलं, आणि दोन तास भरले की सगळं गुंडाळून निघून गेले. यातली गंमत हिरवळीत नव्हती तर मीटरमध्ये होती, कारण पैसे भरले की ती जागा तेवढ्या वेळापुरती भाड्याने आपली, मग तिथे गाडीच उभी करायची हे आपण सगळ्यांनी इतकी वर्षं नुसतं गृहीत धरलेलं होतं. पुढच्या वर्षापासून याचा 'पार्किंग डे' झाला, आता तो सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारच्या आसपास वेगवेगळ्या देशांत होतो.

दोन तासांचा हा खेळ परमिटवाली व्यवस्था झाला तो तिथल्याच महापालिकेमुळे. 2009 मध्ये 'पेव्हमेंट टू पार्क्स' हा कार्यक्रम आला आणि 2010 पासून पार्कलेट दिसायला लागले, सुरुवातीचा एक डिव्हिसाडेरो स्ट्रीटवरच्या एका कॅफेसमोर होता. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवर असाच प्रयोग झाला आणि 2014 मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोने पार्कलेटसाठी वेगळे नियमच केले.

बांधायला सोपं वाटतं पण खरी डोकेफोड जमिनीच्या लेव्हलची. रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो, फुटपाथ त्याच्याही वर, त्यामुळे खाली पाय लावून वर लाकडी किंवा लोखंडी डेक असा बसवावा लागतो की तो फुटपाथशी एकदम सपाट येईल, नाहीतर व्हीलचेअर आत जाणार कशी. त्यात डेकच्या खालून फुटपाथच्या कडेने पावसाचं पाणी वाहायला वाट मोकळी ठेवायची, आणि ती पालापाचोळ्याने तुंबली तर साफ करता यावी म्हणून एखादी फळी उचलता येईल अशी ठेवायची. हे विसरलं की पहिल्याच पावसात डबकं. रहदारीच्या बाजूला जड कुंड्या किंवा कठडा लागतो, दोन्ही टोकांना चाक अडवणारे ठोकळे आणि रात्री चमकणारे खांब. फायर हायड्रंट (आग विझवायला पाणी घ्यायचा रस्त्यावरचा नळ) आणि बस स्टॉपसमोर परवानगी मिळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत तर ताशी 25 मैलांपेक्षा जास्त वेगमर्यादेच्या किंवा फार चढ असलेल्या रस्त्यावर सहसा परवानगी देत नाहीत, आणि ते शहर म्हणजे चढच चढ.

पैशाचं गणित जरा विचित्र आहे. जागा महापालिकेची, पण बांधायचा खर्च, झाडांना पाणी, झाडलोट, विमा हे सगळं बऱ्याचदा समोरच्या दुकानदाराने बघायचं, आणि त्या बदल्यात तिथे कुणीही काही विकत न घेता बसू शकलं पाहिजे. म्हणून अशा पार्कलेटवर ही जागा सर्वांसाठी खुली आहे अशी पाटी लावायला लावतात. आता कॅफेच्या दारात, कॅफेसारख्याच टेबलाशी, हातात काही न घेता निवांत बसायला पाटी असूनही किती जणांना जमतं हा प्रश्नच आहे. पण काळजी घेणारं कुणी नसलं तर कुंड्या वाळतात आणि कचरा साठतो, म्हणजे दुकानदार हवा पण आणि नको पण.

2020 मध्ये कोविड आल्यावर हे पारडं पूर्णच एका बाजूला झुकलं. आत बसून खायला बंदी असल्यामुळे शहरांनी रेस्टॉरंटना पार्किंगच्या जागा भराभर देऊन टाकल्या, आणि काही ठिकाणी त्यावर छप्पर, भिंती, हीटर असं करत करत रस्त्यावर खोल्याच उभ्या राहिल्या. दिसायला तोच डेक, त्याच कुंड्या, पण बसायचं तर ऑर्डर द्यावी लागते. माझ्या मते याला पार्कलेट म्हणूच नये, सरळ रेस्टॉरंटचं अंगण म्हणावं. सॅन फ्रान्सिस्कोने 2021 मध्ये ही सवलत कायमची करताना सर्वांसाठी खुली जागा आणि धंद्याची जागा असे परमिटचे वेगळे प्रकार केले, म्हणजे निदान कागदावर तरी फरक राहिला.

विरोध बहुतेक आजूबाजूच्या दुकानदारांकडूनच होतो, पार्किंग गेलं की गिऱ्हाईक जाईल या भीतीने. ती भीती खोटीच असते असं नाही, जिथे लोक लांबून गाडीनेच येतात आणि जड सामान नेतात तिथे ती खरी ठरू शकते. मीटरचं उत्पन्न जातं हा महापालिकेचा हिशेबही असतोच. त्यामुळे परवानगी साधारण ठरावीक मुदतीचीच असते, आणि डेक डांबरात पक्का न गाडता नुसता ठेवल्यासारखा बसवायचा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, म्हणजे उद्या रस्ता खणायचा झाला किंवा परवानगी गेली तर उचलून नेता येतो आणि त्याच जागी परत गाडी लागते.