ओवीचा चरणबंध

ओवी हा मराठीतील चार चरणांचा (चरण म्हणजे पद्याचा एक भाग) अक्षरछंद, म्हणजे अक्षरसंख्येवर आधारलेला छंद होय. पहिल्या तीन चरणांच्या अखेरीस यमक येते. चौथा चरण आखूड व बहुधा यमकरहित असतो, म्हणून ओवीला साडेतीन चरणी असेही म्हणतात.

हा चौथा चरण आखूड का, यावर मतभेद आहेत. ‘मानसोल्लास’ (सु. ११२९–३१) या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. यादवांच्या आश्रयाने देवगिरीस राहिलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त प्रासयुक्त तीन खंड आणि त्यांच्या शेवटी ‘ओवी’ हे पद, असे तिचे लक्षण दिले. आखूड चरण हा या गेय पालुपदाचा अवशेष असावा, असे त्यावरून मानता येते. ओवीचे मूळ संस्कृतातील अनुष्टुभ या छंदात शोधणारे मतही आहे. परंतु अनुष्टुभाचे चारही चरण आठ अक्षरांचे व सामान्यतः यमकाविना असल्याने पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते.

ग्रंथाच्या ओवीत अक्षरसंख्या काटेकोर नसते. सज्जनगडाशी निगडित असलेल्या समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’ची पहिलीच ओवी पाहावी : ‘श्रोते पुसती कोण ग्रंथ । काय बोलिलें जी येथ । श्रवण केलियानें प्राप्त । काय आहे ॥’. येथे अक्षरे अनुक्रमे नऊ, आठ, नऊ व चार आहेत. ‘ग्रंथ’, ‘येथ’, ‘प्राप्त’ हे यमकही सैलच आहे. तरीही ‘काय आहे’पाशी ओवी पुरी झाल्याचे कानाला कळते, मग हस्तलिखितात ओळी सलग लिहिलेल्या का असेनात. याउलट समर्थांचेच ‘मनाचे श्लोक’ (२०५) भुजंगप्रयात या वृत्तात आहेत. त्यांत प्रत्येक चरण बारा अक्षरांचा, लघु-गुरू अक्षरांचा क्रम ठरलेला आणि यमक बहुधा चारही चरणांना असते.

वाईजवळ भोगाव येथे समाधी असलेले वामनपंडित ‘सुश्लोक वामनाचा’ या उक्तीमुळे श्लोककार म्हणून ओळखले जातात; त्यांची गीताटीका ‘यथार्थदीपिका’ मात्र ओवीबद्ध आहे. माण-खटावकडील जात्यावरची ओवी सामान्यतः दोन यमकबद्ध ओळींची असते. अभंगाचा मोठा प्रकार (६, ६, ६, ४ अक्षरे) ओवीला जवळचा असून त्यात यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे असते. आधुनिक कवींपैकी सातारा जिल्ह्यातील मर्ढे हे मूळ गाव असलेल्या बा. सी. मर्ढेकरांनी हा अभंगबंध नव्या आशयासाठी वापरला.