मोकळे गेम्स: लहान आणि मोठे एकाच पातळीवर कसे आले

लहान मुलाशी खेळताना मोठ्या माणसाकडे कायम दोनच रस्ते असतात, एकतर नीट खेळून त्याला हरवायचं नाहीतर मुद्दाम हरायचं, आणि मुद्दाम हरलेलं पोरांना बरोब्बर कळतं. कॅरम असो, बुद्धिबळ असो की गल्लीतलं क्रिकेट, लहानगा कच्चा लिंबूच राहतो. माइनक्राफ्ट या कॉम्प्युटरवर ठोकळे रचून हवं ते बांधायच्या गेममध्ये, आणि त्याच्यासारख्या ज्यात जिंकणं-हरणं नसतं अशा मोकळ्या गेम्समध्ये मात्र आठ वर्षांची मुलगी आणि तिचा बाबा खरोखर बरोबरीनं खेळतात. हे आपोआप झालेलं नाही, आणि याची सुरुवात कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे.

डेन्मार्कमध्ये सोरेनसन नावाचे एक लँडस्केप आर्किटेक्ट होते. मुलं आपण आखलेल्या नीटनेटक्या बागांपेक्षा बांधकामाच्या जागेवर, फळ्या-विटा-पत्रे घेऊन जास्त रमतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मग १९४३ मध्ये, देश जर्मनीच्या ताब्यात असतानाच, कोपनहेगनच्या एमड्रुप भागात भंगार सामानाचं एक मैदान उघडलं. झोपाळा नाही, घसरगुंडी नाही, नुसतं सामान, आणि पोरांनी त्यातून हवं ते बांधायचं. तिथले पहिले प्रमुख जॉन बर्टेलसन यांची भूमिका पक्की होती की मी मुलांना काही शिकवणार नाही, मोठ्या माणसानं हाताशी असायचं पण काय बनवायचं ते मुलांनी ठरवायचं. युद्धानंतर लेडी अॅलन ऑफ हर्टवूड यांनी हीच कल्पना ब्रिटनमध्ये नेली आणि तिथे अशी मैदानं सुरू झाली. मला विचाराल तर मोकळ्या गेम्सचा खरा पाया हाच आहे.

कॉम्प्युटरवर हे यायला वेळ लागला कारण गेम म्हटलं की जिंकणं-हरणं आलंच असं सगळे धरून चालले होते. गेम बनवणारे विल राइट १९८४ च्या सुमारास हेलिकॉप्टरनं बॉम्ब टाकायचा एक गेम बनवत होते, त्यासाठी बेटं आणि इमारती मांडायचं एक टूल त्यांनी तयार केलं, आणि बॉम्ब टाकण्यापेक्षा हे मांडण्यातच त्यांना जास्त मजा यायला लागली. त्यातून शहर वसवायचा सिमसिटी हा गेम आला. पण ज्याच्यात कुणी जिंकत नाही असा गेम विकत घेणार कोण, म्हणून पब्लिशर तयार होईनात, शेवटी १९८९ मध्ये तो बाजारात आला आणि तुफान चालला. पण खेळायचं मात्र एकट्यानंच, दोघांना खेळायचं तर एकानं माउस धरायचा आणि दुसऱ्यानं शेजारी बसून सांगायचं.

घर डोळ्यासमोर ठेवून विचार केला तो निन्टेंडो या जपानी गेम कंपनीतल्या कात्सुया एगुची यांनी. ते चिबा सोडून कामासाठी क्योटोला आलेले, घरचे लोक लांब, आणि पुढे स्वतःचा संसार झाल्यावर ऑफिसातून घरी पोचायला रात्र व्हायची, मुलं आधीच खेळून झालेली असायची. मग वेळ वेगळी असली तरी एकाच गावात सगळ्यांना राहता येईल, मुलानं दुपारी काहीतरी केलं आणि बापाला ते रात्री दिसलं, असा गेम का नको, या विचारातून २००१ मध्ये जपानमध्ये अॅनिमल क्रॉसिंग आला. दमून घरी येणाऱ्या आईबापांचा इतका मनापासून विचार केलेला दुसरा गेम मला तरी माहीत नाही.

आणि मग माइनक्राफ्ट. स्वीडनच्या मार्कुस पर्सन यांनी मे २००९ मध्ये तो अर्धवट अवस्थेतच लोकांसमोर ठेवला, पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ ला आली, म्हणजे मधली अडीच वर्षं लोक अपुराच गेम खेळत होते. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की तेव्हा गेम तुम्हाला जवळजवळ काहीच सांगत नव्हता. झाड तोडा, लाकडाच्या फळ्या करा, फळ्यांपासून टेबल, टेबलावर कुदळ, हे गेममध्ये कुठेच नीट लिहिलेलं नव्हतं, कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत रेसिपी बुक, म्हणजे काय कशापासून बनतं याची यादी, आली तीच २०१७ मध्ये. त्यामुळे माहिती ज्याच्याकडे तो मोठा, आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत, यूट्यूबवर, विकीवर ती गोळा करणारी होती पोरं. बाबाला विचारावं लागायचं, अगं हे पोर्टल, म्हणजे दुसऱ्या जगात जायचं दार, कसं बनवायचं, आणि मुलगी सांगायची की ऑब्सिडियन हा काळा दगड लागेल, लाव्ह्यावर पाणी सोड. पण घर कुठं बांधायचं, रात्रीसाठी किती साठवायचं, यात बाबाचंही डोकं चालायचं. कुणी कुणाला मुद्दाम जिंकू देत नव्हतं, कारण जिंकायचंच नव्हतं.

२०१२ मध्ये एक्सबॉक्स ३६० या टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलवर माइनक्राफ्ट आला आणि एकाच टीव्हीवर चौघांना स्क्रीन वाटून खेळता यायला लागलं, फोनवर तर आदल्या वर्षीच आला होता. आपल्याकडे कॉम्प्युटर किंवा कन्सोल घेणं प्रत्येक घराला परवडायचं नाही, आईबापांचा फोन मात्र होता, त्यामुळे फोनची आवृत्ती महत्त्वाची ठरली.

ही बरोबरी पुढे घराबाहेरही गेली. २०१२ मध्ये माइनक्राफ्टवाल्या मोजांग कंपनीनं आणि शहरं आणि वस्त्यांसाठी काम करणाऱ्या युनोच्या यूएन-हॅबिटाटनं मिळून ब्लॉक बाय ब्लॉक हा उपक्रम सुरू केला, सुरुवात केनियातल्या नैरोबीच्या किबेरा वस्तीपासून, आणि नंतर मुंबईतल्या एका सार्वजनिक जागेसाठीही असंच काम झालं. वस्तीतली तरुण मुलं आणि मोठी माणसं एकत्र बसून मैदान कसं हवं ते गेममध्ये बांधून दाखवतात. आर्किटेक्टचा नकाशा वाचायला शिक्षण लागतं, पण गेममधल्या मैदानात कुणालाही फिरता येतं आणि इथे दिवा नाही, हा कोपरा अंधारा आहे, असं बोट दाखवून सांगता येतं, मग सांगणारं माणूस पंधरा वर्षांचं असो की साठीचं.